शेड कार्डावरचा बदामी भिंतीवर पीच कसा होतो?

दिवाळीआधी आम्ही हॉल रंगवायला काढला. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनातून एक सौम्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा बदामी निवडला. पहिला हात मारल्यावर जरा गडद वाटला. पेंटर म्हणाला, "ओला आहे, वाळला की बसेल." दुसरा हातही वाळला. रात्री दिवे लावले, तर आम्ही चक्क एका पीच रंगाच्या डब्यात बसलो होतो! डब्यावरचा कोड कार्डाशी ताडून पाहिला, तो बरोबर निघाला. म्हणजे दुकानदाराशी भांडायचीही सोय राहिली नाही.

गोम आहे उजेडाच्या येरझाऱ्यांत. कार्डावर पडलेला प्रकाश एकदाच उसळतो आणि थेट डोळ्यांत येतो. खोलीत मात्र तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, तिथून परत, असा फिरत राहतो. दर टप्प्याला रंग त्याच्यातला आपला वाटा गिळतो. समजा, एखादा रंग तांबडा प्रकाश 80 टक्के परत पाठवतो आणि निळा 60 टक्के. कार्डावर दोघांचं प्रमाण साधारण 1.3 ला 1, म्हणजे नुसती तांबूस झाक. आता सगळ्या बाजूंनी याच रंगाची, बिनखिडकीची, रिकामी खोली कल्पा. सगळ्या उसळ्यांची बेरीज केली की तेच प्रमाण जवळपास 2.7 ला 1 होतं. खऱ्या खोलीत पांढरं छत असतं, खिडकी असते, सोफा असतो, त्यामुळे इतकी गंमत होत नाही. पण दिशा तीच. म्हणून कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक-दोन घरं फिकी घ्यावी, हा जुन्या पेंटरांचा सल्ला गणितातही बसतो.

याच हिशेबाने छत पांढरं ठेवण्यात शहाणपण आहे. त्या काल्पनिक खोलीचा रंग 50 टक्के प्रकाश परतवणारा असेल, तर उसळ्यांमुळे भिंतींवरचा उजेड दुप्पट होतो. 80 टक्के परतवणारा असेल तर पाचपट. गडद छत मासिकातल्या फोटोत झोकदार दिसतं, पण त्या फोटोमागे किती दिवे लावलेत ते आपल्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट लक्ष्मी रोडवर मॅचिंगला गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. साडीवर ब्लाउजपीस ठेवला, दुकानात अगदी जुळला, तरी ती म्हणते, "जरा उजेडात बघू," आणि दोन्ही घेऊन पायरीवर येते. तिथे एक मोरपंखी निघतो, दुसरा नुसता हिरवट. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. प्रकाशात तरंगलांबींची मिसळ कितीही गुंतागुंतीची असो, मेंदूकडे जातात ते तीन संदेश. दोन वेगवेगळ्या मिसळींचे संदेश सारखे आले की रंग 'सेम' वाटतो. दिवा बदलला की पितळ उघडं पडतं. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. भिंतीवरचा ओरखडा दुसऱ्या कंपनीच्या रंगाने बुजवला, तर दिवसा न दिसणारं ठिगळ रात्री दिसतं, तेही यामुळेच.

आणि आपले रात्रीचे दिवे तर प्रकाशाच्या बाबतीत बरेच एककल्ली. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश असतो. त्याच्यावरचा पिवळसर लेप त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. यात गडद तांबडा कमी पडतो. स्वस्त बल्बखाली टोमॅटो मलूल आणि माणसं आजारी दिसतात ती त्यामुळे. खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा शोधा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचे हे 100 पैकी गुण. 80 चालतात, 90 च्या पुढे असतील तर उत्तम. मात्र हे गुण आठ फिक्या नमुन्यांवरून काढतात. कुंकवासारख्या गडद तांबड्याची परीक्षा वेगळी घेतात, तिचं नाव 'आर 9'. काही खोक्यांवर तोही आकडा असतो.

खोक्यावरचा केल्विनचा आकडा दिव्याच्या उजेडाची छटा सांगतो, पण तो उलटा वाचायचा: आकडा मोठा, तर उजेड थंड. 2700 म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा, 6500 म्हणजे ट्यूबलाईटचा निळसर पांढरा. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वेळ आभाळाचा निळसर उजेड येतो, पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी केशरी. एकच राखाडी एका खोलीत थंडगार आणि दुसरीत उबदार वाटतो, तो असा.

तेव्हा आधी दिवे ठरवा, मग रंग. लहान डबा आणून मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. जुन्या भिंतीवर पट्टा ओढू नका, शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. खिडकीसमोर बघा आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यातही. दोन दिवस जातात, पण पेंटर तसाही सांगितल्या दिवशी येत नाही.

आमच्याकडे पुन्हा रंगवायचं बजेट नव्हतं. हॉलमधले 2700 चे बल्ब काढून 4000 चे, 90 सीआरआयवाले लावले. भिंत अर्ध्या वाटेने बदामीकडे परत आली. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेचं ऊन आत येतं तेव्हा पीच होतेच, पण तेवढी वीस मिनिटं आता आम्हाला आवडायला लागली आहे.