सी रॉकेट: एक बी घरी, एक बी समुद्रात

मोहरीच्या कुळातलं एक रोप थेट बीचवर, भरतीच्या रेषेला खेटून उगवतं. त्याचं नाव सी रॉकेट. सॅलडमध्ये घालतात ते रॉकेट, म्हणजे अरुगुला, तेही याच कुळातलं. एक जात अमेरिका-कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि ग्रेट लेक्सच्या काठावर, दुसरी युरोपच्या किनाऱ्यावर. आपल्या कोकणात मर्यादवेल पसरते तशीच वाळू, पण हे पाण्याच्या अजून जवळ. फुलं मोहरीसारखीच चार पाकळ्यांची, फक्त फिकट जांभळी नाहीतर पांढरी, पानं जाड रसाळ, चावली की मोहरीसारखी झणका देतात, आणि खत म्हणून लाटांनी आणून टाकलेलं कुजकं शेवाळ!

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती शेंग. तिचे दोन तुकडे असतात, वरचा सुकला की तुटून पडतो, आतून बुचासारखा हलका असल्याने लाट आली की तरंगत निघतो. खालचा मात्र आईलाच धरून राहतो आणि ती वाळली की तिच्यासोबत तिथेच वाळूत गाडला जातो.

तरंगणारी बी कुठवर जाते बघा. आइसलँडच्या दक्षिणेला नोव्हेंबर 1963 मध्ये ज्वालामुखीतून सर्ट्सी नावाचं नवंकोरं बेट वर आलं, आणि 1965 मध्ये, स्फोट अजून थांबलेही नव्हते, तेव्हा तिथे जे पहिलं फुलझाड सापडलं ते सी रॉकेटच होतं.

आणि मागे राहिलेल्या बिया? त्या एकाच जागी रुजतात, म्हणजे शेजारी बरेचदा सख्खी भावंडंच. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या सुझन डडली आणि अमांडा फाइल यांनी हेच तपासलं, 2007 मध्ये निष्कर्ष छापले. एका कुंडीत एकाच आईची रोपं लावली, दुसरीत वेगवेगळ्या आयांची. परक्यांच्या कुंडीत रोपांनी बारीक मुळं जास्त वाढवली, पाणी आणि अन्न आधी आपल्याला मिळावं म्हणून. भावंडांच्या कुंडीत ही ओढाताण कमी होती. रोपं नातं ओळखतात का यावर शास्त्रज्ञांमध्ये नंतर बराच वाद झालाय, तरी मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एकेकटी कुंडीत लावलेल्या रोपांमध्ये हा फरक दिसलाच नाही, म्हणजे ओळख पटत असेल तर ती मातीखाली, मुळाला मूळ भिडतं तिथेच पटत असणार.