वाटीभर फोडी म्हणजे किती ग्रॅम?

कैरी आणायची किलोवर आणि किस मोजायचा वाटीने. साखरांबा नेहमी करणाऱ्या बाईला यात काहीच वावगं वाटत नाही. नवखी व्यक्ती मात्र ‘दोन वाट्या किस’ वाचून बाजारात अडते : कैऱ्या घ्यायच्या तरी किती? हा घोळ जुना आहे.

आपल्याकडे ‘शेर’ हा एकच शब्द दोन कामं करायचा. गूळ तागडीत पडायचा तो वजनी शेराने, धान्य ओतलं जायचं ते मापी शेराने. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं, त्याचं निम्मं कोळवं. त्यात पुन्हा शीग! काठावर डोंगर रचून भरलेलं चिपटं आणि वरून हात फिरवून सपाट केलेलं चिपटं, नाव दोघांचं एकच.

फळं तर या व्यवहाराच्या बाहेरच राहिली. आंबा शेकड्यावर नाहीतर डझनावर, घाटातली करवंदं-जांभळं पानाच्या द्रोणात, बोरांचा वाटा. हापूसच्या पेटीचं तर्कशास्त्र आजही तेच आहे. पेटी तेवढीच, फळ मोठं असलं तर चार डझन बसतात, लहान असलं तर सहा. बोलायचं डझनात, पण ठरवणारी ती पेटीतली जागा.

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आले आणि १९६२ पासून सक्तीचे झाले. शेर दुकानातून गेला. वाटी मात्र ओट्यावरून हलली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. किस आणि साखर एकाच वाटीने मोजली की ती वाटी केवढी, हा प्रश्नच उरत नाही. आईचा साखरांबा आणि काकूचा साखरांबा वेगवेगळ्या वाट्यांनी होऊनही सारखाच जमायचा तो त्यामुळे.

कारखान्याला हे परवडणारं नव्हतं. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६८ टक्के ठरवले. हा सगळा हिशेब वजनाचा, कारण जॅम टिकतो तो साखरेच्या प्रमाणावर.

तिकडे अमेरिकेने वजनकाटा सोडून कप धरला. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या पाकपुस्तकात कप आणि चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला. आपल्या भाषेत, शीग कापायला लावली. पिठासाखरेला तो उपाय लागू पडला. फळाला नाही, कारण फळाच्या तुकड्यांमध्ये हवा असते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कपभर (सुमारे २३७ मिली) अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम भरते, तिचेच काप १६६ आणि गर २३२. केळ्याच्या चकत्या १५०, कुस्करलेलं केळं २२५. कपभर साखर २०० ग्रॅम. म्हणजे ‘फळाइतकीच साखर’ कपाने मोजली तर कापांच्या मुरंब्यात साखर फळाहून जड होते आणि गराच्या जॅममध्ये हलकी. म्हणून कपाचे ग्रॅम करताना फळाचं नाव पुरत नाही. ते चिरलंय, किसलंय की वाटलंय, हेही सांगावं लागतं. कैरीचा किस तर आणखी लबाड. भुरभुरत टाकलेली वाटी बोटांनी दाबली की वर पुन्हा मूठभर किस सहज मावतो.

त्यातल्या त्यात सरळ तो आमरस, त्यात पोकळीच नाही. परदेशातल्या मराठी घरांत येणारा हापूसचा डबा बहुधा ८५० ग्रॅमचा असतो. रस पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे २४० मिलीच्या कपाने तो सव्वातीन कपांच्या आसपास भरतो. आंबा बर्फी करताना एवढा हिशेब पुरतो. फक्त डब्यातल्या रसात पुष्कळदा साखर आधीच घातलेली असते, तेव्हा लेबल वाचून वाटीतली कमी करावी.