सीमाभागातील स्त्रियांचे आर्थिक सक्षमीकरण (बेळगाव जिल्हा)

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) मराठी भाषक पट्ट्यात स्त्रियांनी मजुरी, संघटना, बचत आणि घरगुती उद्योग यांतून मिळवलेले आर्थिक बळ, तसेच महापूर, टाळेबंदी आणि कर्ज यांमुळे त्या बळाला बसलेले धक्के, हा या नोंदीचा विषय आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव हे तालुके येथे मुख्यतः विचारात घेतले आहेत. अथणी आणि गोकाककडचे दोन प्रयत्न या पट्ट्याशी जोडलेले असल्यामुळे त्यांचाही समावेश केला आहे.

हा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. हा भाग आपल्याला मिळावा म्हणून महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालात निघालेला नाही. वादाची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. बाईच्या रोजच्या व्यवहारावर त्याचा काय परिणाम झाला, हे मात्र फारसे कुणी मांडत नाही. येथील बाईचा बाजार, सोयरीक आणि बोली कोल्हापूरकडे वळलेली असते, तर रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, बँकेचा अर्ज आणि सरकारी योजना बंगळूरकडून येतात. तिच्या कमाईची वाट या दोन्हींच्या मधून जाते, आणि ती बहुतेक वेळा तिथेच अडते.

‘सक्षमीकरण’ हा शब्द फलकांवर आणि अहवालांत असतो. बोलण्यात ‘हातात चार पैसे असणे’ किंवा ‘कुणापुढे हात न पसरणे’ असेच ऐकू येते. कागलपलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, ज्याला ‘बचत गट’ म्हणतात, त्याला निपाणी-खानापुरात ‘संघ’ म्हणतात. हे कन्नड सरकारी वापरातून आलेले वळण आहे. ग्रामपंचायत पातळीवरच्या महासंघासाठी ‘ओक्कूट’ हा कन्नड शब्द मराठी बायकांच्या तोंडी सहज बसला आहे.

वखार आणि विडी. सीमाभागातील स्त्रियांच्या आर्थिक हक्कांचा इतिहास बचतीच्या डब्यापासून सुरू होत नाही. तो निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून सुरू होतो. काळ्या रानातला तंबाखू वखारीत येतो, तिथे तो कुटायचा, चाळायचा, काडी आणि पाला वेगळा करायचा, हे सगळे काम बायकांचे. हवेत तंबाखूची भुकटी इतकी की नवी आलेली बाई पहिले काही दिवस खोकत आणि शिंकतच काम करते. डोक्याला आणि तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर उकिडवे बसायचे, संध्याकाळी घरी गेल्यावर लेकराला जवळ घेण्याआधी अंग धुवायचे. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने या बायका संघटित झाल्या. किमान वेतन, कामाचे ठराविक तास आणि माणसासारखी वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका, त्यांत देवदासीही, एका संपात शेजारी शेजारी बसल्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ मध्ये या लढ्यावर माहितीपट केला.

याच गावात १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मरण पावले. त्या आंदोलनाची आठवण आजही काढली जाते आणि ते योग्यच आहे. पण तोच तंबाखू हाताखालून घालणाऱ्या बायकांच्या संपाला तेवढी जागा मिळालेली नाही. माझ्या मते सीमाभागात बाईने मजुरीचा दर स्वतः मागून घेण्याची सुरुवात त्या वखारीतच झाली, म्हणून या नोंदीत तिला पहिला मान दिला आहे.

विड्या वळणे हे घरातले काम आहे. आदल्या रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने पान कातरायचे. मग सूप मांडीवर घ्यायचे, पानात चिमटीभर जर्दा पसरायचा, बोटांत वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. सरावाचा हात हजार विड्यांना सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ घेतो, कारण मध्येच चूल, पाणी, जनावर आणि सासूबाईंचे औषध असते. मजुरी हजाराच्या दराने मिळते. देताना विड्या मोजल्या जातात, आणि पान फाटले, विडी बारीक झाली, की ती ‘छाट’ म्हणून बाजूला पडते. छाटीची मजुरी मिळत नाही, पण त्या विडीत गेलेला वेळ, पान आणि जर्दा तिच्याच हिशेबात धरला जातो. दिलेली पाने कमी पडली की पदरचे पैसे घालून पान विकत घ्यावे लागते.

विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा केंद्रीय कायदा होता (तो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला गेला), कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आहे, आणि १९७७ पासून भविष्य निर्वाह निधीही लागू आहे. हे सगळे मिळायला बाईच्या नावाचे कामगार कार्ड हवे. घरी बसून, ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या बाईला आपला मालक कोण हेच दाखवता येत नाही, तेव्हा कार्ड अडते. घरातल्या सासू, सून, लेक अशा तिघींनी मिळून वळलेल्या विड्या एकाच कार्डावर चढतात आणि उरलेल्या दोघी कामगार म्हणून कुठेच नोंदल्या जात नाहीत.

सौंदत्ती आणि घटप्रभा. सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापूर, सांगली आणि निपाणीकडून दरवर्षी मोठ्या संख्येने मराठी भाविक जातात. ‘उदं गं आई उदं’ म्हणणाऱ्या या वाटेवरच देवीला मुली सोडण्याची चाल होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी समर्पणाला बंदी करणारा कायदा केला. कायद्याने चाल थांबली तरी आधीच सोडलेल्या बाईच्या पोटाचा प्रश्न सुटत नव्हता. तिला नवरा नाही, जमीन नाही, आणि जोगव्याची परडी खाली ठेवली की दुसरे काही हाती नाही. १९९० च्या दशकात मायराडा या संस्थेने राज्य महिला विकास महामंडळाबरोबर या स्त्रियांत काम उभे केले. त्यातूनच १९९७ मध्ये गोकाककडच्या घटप्रभा या गावी ‘मास’ ही माजी देवदासींची स्वतःची संस्था स्थापन झाली. लहानपणी देवीला सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी पुढे याच संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेळ्या-म्हशींसाठी कर्ज, मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने हे काम येथे बायकांनीच चालवले. बाहेरच्या माणसाने येऊन उद्धार करण्याऐवजी, हिशेबाची वही ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याच हातात राहिली, यात या प्रयत्नाचे मोल आहे.

संघाचा कारभार. कर्नाटकातील बचत गटांच्या मुळाशी मायराडाचाच १९८० च्या दशकातला अनुभव आहे. त्यावर उभा राहून नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. राज्य सरकारची स्त्रीशक्ती योजना २०००-०१ मध्ये आली. त्यात अंगणवाडी सेविकांमार्फत १५ ते २० बायकांचे संघ बांधले गेले. २०११ नंतर राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे काम राज्यात ‘संजीवनी’ या नावाने चालते. धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेचे संघही या जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्यामुळे एकच बाई दोन-तीन संघांत असणे नवलाचे नाही.

आठवड्याच्या ठरलेल्या वारी बायका देवळाच्या कट्ट्यावर किंवा अंगणवाडीत जमतात. आधी हजेरी, मग बचत, मग हप्ते. अध्यक्षा नोटा मोजते, सचिव वहीत लिहिते, आणि जिला लिहिता येत नाही ती अंगठा उठवताना आपला आकडा मोठ्याने पुन्हा म्हणवून घेते. कर्ज मागणारीने कशासाठी हवे ते सर्वांसमोर सांगायचे असते. बियाणे, म्हैस, लेकाची फी, बाळंतपण ही कारणे पटकन मान्य होतात. नवऱ्याचे जुने देणे फेडायला मागितले की शांतता पसरते. व्याज सहसा शेकडा महिना एक-दोन रुपये असते आणि ते संघातच राहते. सावकाराच्या दरापेक्षा ते कमी, आणि वाढलेला पैसा पुन्हा आपल्याच डब्यात, या दोन गोष्टींमुळे बायकांना संघ आपला वाटतो. पुढे बँकेचे तारणाशिवाय कर्ज मिळते. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये त्याची मर्यादा १० लाखांवरून २० लाख केली. अभियानातील गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे.

अडचण कागदापाशी येते. ठराव मराठीत होतो, आणि बँकेचा व पंचायतीचा अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या चाळिशीच्या बाईला कन्नड बोलता येते, बाजारात ती बेधडक बोलते, पण वाचता येत नाही. मग अर्ज भरायला शिकलेली लेक, अंगणवाडीताई किंवा पैसे घेणारा माणूस लागतो. आपण कशावर सही केली हे दुसऱ्याच्या तोंडून कळणे, ही हिशेबाची वही स्वतः चालवणाऱ्या बाईला सलणारी गोष्ट आहे. सरकारी कागद मराठीतूनही मिळावेत ही सीमाभागातली जुनी मागणी आहे. तिच्याकडे अस्मितेचा मुद्दा म्हणून पाहिले जाते, पण ती बाईच्या पैशाचीही बाब आहे.

दोन राज्यांच्या योजना. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. खानापूरच्या गावांतून भाजी, केळी, काजू घेऊन बेळगावच्या बाजारात येणाऱ्या बाईचे जाण्यायेण्याचे भाडे वाचले. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला मात्र पूर्ण तिकीट लागते, आणि तिचा बाजार व माहेर त्याच बाजूला असते. ३० ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’ योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २००० रुपये मिळतात. पलीकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १५०० रुपये सुरू झाले. एकीचे सासर सौंदलग्याला आणि धाकटीचे कागलला असेल, तर दोघी बहिणींना दोन सरकारांकडून दोन रकमा येतात आणि दिवाळीला माहेरी त्यांची तुलना होतेच. हा पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात येतो ही मोठी गोष्ट आहे. २०२४ मध्ये रायबाग तालुक्यातल्या एका आजीने गृहलक्ष्मीचे साठवलेले पैसे खर्चून गावाला पुरणपोळीचे जेवण घातल्याची बातमी गाजली होती. आपल्या पैशाने गावाला पंगत घालण्याचा मान त्या वयात तिला पहिल्यांदा मिळाला असेल.

दुधाचे उदाहरणही असेच आहे. कर्नाटक सरकार राज्याच्या सहकारी दूध संघांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहन देते. सीमेवरच्या गावात कोल्हापूरकडच्या डेअरीला दूध घालणारी बाई त्यातून सुटते. म्हैस तीच, धार तीच, पण दर दूध कोणत्या राज्याच्या किटलीत पडले त्यावर ठरतो.

अथणीची चप्पल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर यांनाही आहे. कातडे कमावणे आणि तळ कापणे पुरुषांकडे, पट्ट्यावरची वेणी गुंफणे आणि बारीक टाके घालणे बायकांकडे, अशी कामाची जुनी विभागणी आहे. चपलेची शोभा वेणीत असते, तरी व्यापाऱ्याशी बोलणी पुरुषच करीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अथणीत ‘टोहोल्ड’ हा कारागिरांचा उपक्रम सुरू झाला. त्यात स्त्रियांचे बचत गट स्वतः उत्पादक झाले आणि माल परदेशी गेला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला कारागिरांचा उल्लेख न करता दाखवल्यावर देशभर ओरड झाली. त्या चर्चेत कोल्हापूरचे नाव सगळीकडे होते, अथणीचे क्वचित.

हप्ता. संघांची पत वाढली तशा खासगी सूक्ष्म वित्त कंपन्या गावात आल्या. पाच-दहा बायकांचा गट, एकमेकींची हमी आणि आठवड्याचा हप्ता ही रीत त्यांनी संघाकडूनच उचलली. संघात व्याज डब्यात राहते, येथे ते बाहेर जाते, हा फरक पहिल्या कर्जाच्या वेळी लक्षात येत नाही. एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला बाकीच्यांना उठू देत नाही, आणि शेजारणींतला जिव्हाळा त्यात जळतो. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

महापूर आणि नाका. सह्याद्रीत धो धो पाऊस झाला की कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांचे पाणी याच जिल्ह्यात उतरते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या मनात ताजे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि निपाणीकडचा रस्ता बंद पडला. अशा पुरात पुरुषाचे नुकसान ऊस-सोयाबीनच्या पंचनाम्यात मोजले जाते. बाईची भिजलेली पाने, शिलाई मशीन, वाहून गेलेल्या कोंबड्या आणि संघाची वही पंचनाम्यात येत नाहीत. वही गेली तर कुणाचे किती देणे हे आठवणीवर उभे करावे लागते, आणि अनेक संघांनी ते भांडणाविना केले, ही साधी गोष्ट नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत विडीचे काम थांबले आणि राज्यांच्या सीमा बंद झाल्या. निपाणीजवळ राज्याच्या सीमेवर असलेल्या कोगनोळीच्या नाक्यावर पुढे २०२१ मध्येही चाचणीचा दाखला मागितला जात होता. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या माहेरी किंवा बाजाराला जाणे अवघड झाले. बायकांनी मुखपट्ट्या शिवून काही दिवस काढले.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना तातडीचे १०,००० आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. पैसे घर ज्याच्या नावावर त्याला मिळाले, आणि घर बहुधा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क कर्नाटकाने १९९४ मध्येच, केंद्राच्या दुरुस्तीच्या ११ वर्षे आधी दिला. तरी वारसाची नोंद करताना बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, भाऊ साडीचोळी करतो, आणि माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून ती सही करते. सासरच्या उताऱ्यावर नाव नाही आणि माहेरच्या उताऱ्यावरचे तिने स्वतःच सोडलेले, अशा बाईच्या नावावर संघाचे पासबुक आणि रेशन कार्ड एवढेच कागद उरतात.