पेशी वाढल्या म्हणजे जखमेत पू झाला?

घोडबंदर रोडवर कुणाचा अपघात झाला की सोसायटीच्या ग्रुपवर हा सल्ला हमखास फिरतो: 'रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शन झालंय, स्ट्राँग अँटिबायोटिक मागा.' काळजीपोटी पाठवलेला असतो, पण अर्धवट आहे.

प्रौढांत या पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे साधारण ४,००० ते ११,००० असतात. मोठ्या मारानंतर काही तासांतच त्या १५,००० च्या पुढे जाऊ शकतात, तेही जंतू नसताना. एरवी बऱ्याचशा न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात, म्हणून सुईत येणाऱ्या रक्तात मोजल्या जात नाहीत. मार बसला की अ‍ॅड्रेनालिनमुळे त्या काही मिनिटांत सुटतात. पुढे कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि अस्थिमज्जा राखीव पेशी सोडते. जंतुसंसर्गाला इतक्या लवकर आकडा चढवायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून एका रिपोर्टवर थांबू नका. सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट तारखेनुसार शेजारी ठेवा. आकडा दोन-चार दिवसांत उतरत असेल तर बहुधा माराचाच परिणाम. उतरून पुन्हा चढला, सोबत ताप, वाढती लाली, ठणका किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. सीआरपी हा रक्तातला सूज दाखवणारा घटकही नुसत्या माराने वाढतो, दोन-तीन दिवस चढताच राहतो. तोही एकटा पुरावा नव्हे.

एक मात्र नक्की: हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर अँटिबायोटिक ताबडतोब लागतं, पेशींचा आकडा कितीही असो.