विवरं मोजा, गाळ सापडेल

मंगळावरचा ‘मानवी चेहरा’ मोबाइलवर पुन्हा फिरू लागला आहे. व्हायकिंग-१ यानाने १९७६ साली टिपलेला, तिरप्या उन्हातल्या सावल्यांचा खेळ. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने त्याच जागेचा नीट फोटो घेतला आणि झिजलेली टेकडी दिसली. पण टेकडीची बातमी कोण पुढे पाठवतो? असल्या फोटोंत खरं वाचण्यासारखं काही असेल, तर ती विवरं, म्हणजे अशनी आदळून पडलेले खड्डे.

जमीन जितकी जुनी, तितके तिने अशनींचे मार जास्त खाल्लेले. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांचं वय प्रयोगशाळेत ठरलं, ते जिथून उचलले तिथली विवरं मोजली गेली, आणि विवरं पडण्याचा तो दर गणिताने मंगळाला लावला. लहान विवरं मोठ्यांपेक्षा कैक पटींनी जास्त असतात. त्यामुळे आडव्या अक्षावर व्यास, उभ्यावर दर चौरस किलोमीटरमागची संख्या, दोन्ही लॉगॅरिथमिक (१, १०, १०० अशा पटींच्या) मापात मांडली, की जमिनीच्या प्रत्येक वयाचा आपला एक उतरता वक्र मिळतो.

गंमत आहे ती वक्र मोडतो तिथे. गाळ विवरं बुजवतो, पण सगळी सारखी नाही. ताज्या, वाडग्यासारख्या साध्या विवराची खोली व्यासाच्या साधारण एक पंचमांश असते. १०० मीटरचं विवर २० मीटर खोल. ते काठासकट गाडायला आणखी थोडा गाळ पुरतो. एक किलोमीटरचं विवर तेवढ्याला दाद देत नाही. म्हणून मोठी विवरं मूळ जमिनीचं वय सांगत राहतात, तर लहान व्यासांकडचे बिंदू घसरून तरुण वक्रावर बसतात. हे दुसरं वय गाळ थांबल्यानंतरचं. आणि कोणत्या व्यासाला वक्र मोडला, त्यावरून गाळाची जाडी. कुदळ न मारता!

अर्थात मोठ्या आघातातून उडालेले दगडही दुय्यम विवरं पाडतात आणि मोजणी फुगवतात. कुठे वारा गाळ उडवून नेतो आणि गाडलेली विवरं पुन्हा उघडी पडतात.

४५ किलोमीटर रुंदीच्या जेझेरो विवरात कक्षेतूनच त्रिभुज प्रदेश, म्हणजे नदीने तळ्यात गाळ आणून टाकल्याची खूण, दिसला होता, म्हणून नासाची पर्सिव्हरन्स ही बग्गी २०२१ मध्ये तिथे उतरवली. तळाशी मात्र तिला तळ्याच्या गाळाऐवजी अग्निजन्य खडक भेटले. विवरं मोजणाऱ्यांना ते हवेच होते: अशा खडकांचं वय प्रयोगशाळेत थेट काढता येतं. तिने गोळा केलेले नमुने पृथ्वीवर आले, तर चंद्रावरून उसना घेतलेला दर मंगळाच्याच दगडावर तपासता येईल.