एकमताने मंजूर झालेला, तरीही न झालेला कायदा

सांगली-मिरजेचे कापड दुकानदार कोल्हापूरजवळच्या ज्या गांधीनगरातून माल भरतात, ती पेठच मुळी सिंधी निर्वासितांनी उभी केलेली. वळिवड्याची ती छावणी दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी होती. फाळणीनंतर तिथे सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली. त्यामुळे सिंधमध्ये हिंदू मुलीचे अपहरण, मग धर्मांतर, मग निकाह अशी बातमी आली की इकडेही ती हिरिरीने चर्चिली जाते. त्या चर्चेत एक गोष्ट हटकून गळते. हे प्रकार रोखणारे विधेयक सिंधच्याच विधानसभेने २०१६ मध्ये एकमताने मंजूर केले होते.

आपल्या भागात हा विषय निघाला की गाडी आधी फलटणला जाते. विजापूरकरांच्या दडपणाखाली धर्म बदललेल्या तिथल्या बजाजी नाईक निंबाळकरांना शिखर शिंगणापुरी शुद्ध करून घेतल्याची परंपरा सांगितली जाते. तपशिलांबद्दल वाद आहेत, पण त्यांच्या मुलाला शिवछत्रपतींची लेक दिली गेली हे खरे. नुसती शुद्धी पुरेशी नव्हती, सोयरीकही करावी लागली. बळजबरीच्या धर्मांतरावर त्या काळी एवढाच इलाज होता.

कायद्याने इलाज करण्याचा मोठा प्रयत्न फाळणीनंतर झाला. पळवून नेलेल्या स्त्रिया परत करायच्या, १ मार्च १९४७ नंतरची त्यांची धर्मांतरे मानायची नाहीत, असे दोन्ही देशांनी ठरवले. ८ एप्रिल १९५० च्या दिल्ली (नेहरू-लियाकत) करारात बंगालच्या दोन्ही भागांसाठी आणि आसामसाठी असेच कलम आले : दंगलीच्या काळात झालेले धर्मांतर सक्तीचेच समजावे. भारताने १९४९ मध्ये केलेल्या कायद्यात स्त्रीच्या वयाला मर्यादा नव्हती आणि तिच्या इच्छेला जागा नव्हती. काही जणी नव्या घरात रुळल्या होत्या, त्यांना लेकरे होती. त्यांनाही नेले गेले. हा कायदा घटनाबाह्य असल्याचा पंजाब उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये फिरवला. असा ताबा म्हणजे अटक नव्हे, असे न्यायालय म्हणाले. तो कायदा १९५७ पर्यंत चालला.

त्यानंतर पाकिस्तानात काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथे मुलीचा जबाब हाच शेवटचा शब्द ठरू लागला.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. बाप पोलिसांत अपहरणाची फिर्याद देतो. तोवर एखाद्या दर्ग्याची वा मदरशाची धर्मांतराची सनद आणि निकाहनामा तयार असतो. त्यात मुलीचे वय १८ किंवा १९ लिहिलेले असते. भिल्ल, कोळी, मेघवाड अशा हातावर पोट असलेल्या घरांत जन्माची नोंद केलेली नसते, त्यामुळे ते खोडून काढायला बापाकडे कागद नसतो. मग नवराच उच्च न्यायालयात संरक्षण मागतो. मुलगी दंडाधिकाऱ्यापुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली ‘मी राजीखुशीने आले’ असे सांगते आणि फिर्याद निकाली निघते. जबाब देण्याआधीचे दिवस तिने कुणाच्या घरात काढले, हे बहुतेकदा कुणी विचारत नाही. लग्न झालेल्या हिंदू बाईची अडचण आणखी वेगळी : हिंदू विवाहाच्या नोंदणीचा कायदा सिंधमध्ये २०१६ मध्ये आणि देशपातळीवर २०१७ मध्ये झाला. तोवर आपले लग्न झालेले आहे हे ती दाखवणार तरी कशावरून?

२४ नोव्हेंबर २०१६ चे विधेयक नेमके या जबाबावर बोट ठेवणारे होते. सक्तीच्या धर्मांतराला किमान पाच वर्षे कैद होती, पण त्यातला खरा जीव दोन कलमांत होता. पहिले, १८ वर्षांखालील व्यक्तीने धर्म बदलला असे मानायचे नाही. दुसरे, सज्ञान व्यक्तीलाही २१ दिवस सुरक्षित निवाऱ्यात ठेवायचे, विचार करायला वेळ द्यायचा. मुलगी बापाच्याही घरी नाही आणि नवऱ्याच्याही नाही, अशी मधली जागा या विधेयकाने सुचवली होती. १९४९ च्या कायद्याने तिला विचारलेच नव्हते, आणि नंतरच्या कोर्टांनी विचारले ते बहुधा नवऱ्याकडची माणसे बाहेर उभी असताना.

विरोध झाला तो याच दोन कलमांना. इस्लाम स्वीकारायला वयाची अट कशी घालता, हा धार्मिक पक्षांचा पहिला आक्षेप. स्वेच्छेने येणाऱ्यालाही २१ दिवस अडकवणे ही दुसऱ्या बाजूची सक्ती नव्हे का, हा दुसरा. दुसरा आक्षेप अगदीच हवेतला नाही. निवाऱ्यात कोण कुणाला भेटणार, हा प्रश्न उरतोच. पण त्यावर दुरुस्ती सुचवता आली असती. आंदोलनाचे इशारे निघाले, सत्ताधाऱ्यांनी माघारीची भाषा सुरू केली आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्यपालांनी सही न करता विधेयक परत पाठवले. एकही मत विरोधात गेले नव्हते. ती मते देणारे नंतर फारसे बोलले नाहीत. २०१९ मध्ये नवा मसुदा आला, तोही पुढे सरकला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्लामाबादेतल्या संसदीय समितीने असेच विधेयक फेटाळले.

मग लढाई वयाच्या दाखल्यावर आली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय १४ केले होते. (त्याचे नाव तो मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडा या विधिमंडळ सदस्याच्या आडनावावरून पडले. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी बाला-जरठ विवाहावर लिहिलेल्या ‘शारदा’ नाटकाशी त्याचा संबंध नाही, आपल्याकडे तशी समजूत असली तरी.) पाकिस्तानने तो चालू ठेवला, १९६१ मध्ये वय १६ केले, सिंधने २०१३ च्या कायद्याने १८. २०२० मध्ये कराचीतल्या एका ख्रिस्ती मुलीच्या प्रकरणात हेच कामी आले. आधी उच्च न्यायालयाने तिला नवऱ्याकडे राहू दिले होते. वैद्यकीय तपासणीत ती १४-१५ वर्षांची निघाली, तेव्हा तिला निवाऱ्यात पाठवले. अशा लग्नासाठी सिंधच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ते लग्नच रद्द ठरते, असे मात्र त्यात कुठे लिहिलेले नाही. १९२९ च्या कायद्यातही नव्हते.