जुन्या पुलाची तपासणी हवी असेल तर अर्जात काय लिहायचं, काय टाळायचं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि सोलापूर–पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. अशा पुरानंतर गावोगावचे अर्ज ठरलेले असतात: ‘पूल धोकादायक झाला आहे, तरी नवीन पूल मंजूर करावा.’ हे अर्ज परत येतात किंवा फाइलमध्ये पडून राहतात. ग्रामपंचायतींचे असे बरेच कागद मी पाहिले आहेत. त्रास खरा असतो, मागणी मात्र चुकीच्या टोकापासून सुरू झालेली असते. आधी तपासणी मागा. पूल दुरुस्त होणार की पाडावा लागणार, हे तपासणीवरच ठरतं. पैशांची वाटही त्यावर अवलंबून असते, कारण देखभाल-दुरुस्तीचं लेखाशीर्ष (सरकारी खर्चाच्या खात्याचा क्रमांक) ३०५४ आहे आणि नव्या बांधकामाचं ५०५४.

अर्ज कोणीही करू शकतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं, पण ठरावात ‘नवीन पूल’ आणि अर्जात ‘तपासणी’ असं नको.

पहिली अडचण म्हणजे पूल कोणाचा. राज्यमार्ग आणि प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामा (ग्रामीण मार्ग) असेल तर साधारणपणे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, शहरात महापालिका. कालव्यावरचा किंवा बंधाऱ्यावरचा पूल बहुधा जलसंपदाकडे निघतो. चुकीच्या कार्यालयाने अर्ज पुढे पाठवावा, हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात माणसाला तीन टेबलं फिरवतात, आणि हे थांबायला हवं. तोपर्यंत तुम्हीच शाखा अभियंत्याकडून रस्त्याचा क्रमांक आणि पुलाची साखळी, म्हणजे किलोमीटरमधली जागा, लिहून घ्या. लांबीही मोजा. ६ मीटरपर्यंतच्या बांधकामाला दप्तरी ‘मोरी’ म्हणतात, त्यामुळे पुलांच्या नोंदवहीत ते शोधून सापडत नाही आणि ‘असा पूल अस्तित्वात नाही’ असं उत्तर येतं.

दुसरी अडचण मूळ नकाशाची. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुलाचा नकाशा बहुतेकदा कोणाकडेच नसतो. तो गावाने आणावा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, दप्तर सांभाळणं हे खात्याचं काम आहे. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागा. मात्र ‘पूल सुरक्षित आहे का?’ असं विचारू नका, ते मत झालं आणि त्यावर अर्ज निकाली निघतो. ‘मागील तपासणी अहवालाची व उपलब्ध नकाशाची प्रमाणित प्रत द्यावी’ असं लिहा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. ‘नकाशा उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी तो कागद जपून ठेवा. त्याच्या आधारे प्रत्यक्ष मोजमाप, यंत्राने सळयांचा शोध आणि पायाजवळ खड्डा घेऊन पाहणी, असं सगळं मागता येतं.

मागणीत नेमके शब्द वापरा. पूर येऊन गेला असेल तर ‘आयआरसी:एसपी:३५ नुसार विशेष तपासणी’ म्हणा; ही इंडियन रोड्स काँग्रेसची पूल-तपासणीची मार्गदर्शिका आहे. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर ठोकून कठीणपणा मोजणारं उपकरण) समाधान मानू नका, तो वरच्या थराचाच अंदाज देतो. सळई गंजते आहे का हे हाफ-सेल चाचणी सुचवते. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर गंज सुरू असण्याची शक्यता खूप जास्त धरतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन फवारलं आणि गुलाबी रंग आला नाही, तर त्या भागाने सळईचं रक्षण करण्याची ताकद गमावलेली असते. ताकदीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढतात. हे न करता गिलावा किंवा गनायटिंगचं (दाबाने फवारलेल्या सिमेंट-वाळूच्या थराचं) अंदाजपत्रक आलं तर लेखी हरकत घ्या. गंजक्या सळईवरचा गिलावा म्हणजे चिघळलेल्या जखमेवर बांधलेली स्वच्छ पट्टी, आत गंज वाढतच राहतो.

मुदतीचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. ‘पावसाळ्यापूर्वी तपासणी’ म्हणजे ३१ मेपर्यंत अर्ज, असं लोक धरून चालतात. त्या आधी तपासणी संपायला हवी असते. शिवाय आपल्याकडे पाया नेहमी उघडा नसतो. बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की फुगवट्यात खांब बुडतात, आणि उन्हाळ्यात उजनीतून भीमेत पाणी सोडलं की तिथलीही पाहणी थांबते. वाळू उपशाने खालची माती गेली आहे का, हे कोरड्या पात्रातच नीट दिसतं. म्हणून अर्ज जानेवारीत द्या आणि जलसंपदाच्या शाखेकडून पाणी सोडण्याच्या तारखा आधी विचारून घ्या.

सोबत फोटो द्या: स्लॅबची खालची बाजू, बेअरिंग (खांब आणि वरचा भाग यांमधले आधार), सांधे आणि खांबाचा तळ. नुसत्या तुटक्या कठड्याचे फोटो पाठवू नका. गाळपाच्या हंगामात पुलावरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात का, हेही लिहा. भारक्षमता ठरवताना ते लागतं. वर्गणी काढून खासगी ऑडिट करण्याआधी कार्यालयाला लेखी विचारा, तो अहवाल चालेल का. कष्टाचे पैसे वाया गेलेले पाहवत नाहीत.

अर्जावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. आणि स्लॅब खचलेला दिसला, खांब कललेला दिसला किंवा सांध्यात नवी फट पडली, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. त्याच दिवशी तहसीलदार, पोलीस ठाणे आणि कार्यकारी अभियंता या तिघांना लेखी कळवा आणि जड वाहनं थांबवण्याची मागणी करा.